वृत्तपत्र कोणाच्या खांद्यावर?

श्रमिकांच्या चळवळीत वृत्तपत्राचे मोल आपण त्याच्या अग्रलेखांवरून ठरवतो. अंक वाचकापर्यंत कोण नेतो आणि त्या माणसाचा त्या पत्रावर काही हक्क असतो की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘शिकागो डिफेंडर’ या पत्राच्या इतिहासाने तो रोखठोकपणे विचारला आहे.

रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ साली पंचवीस सेंटांच्या भांडवलावर हे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या अवघ्या ३०० प्रती निघाल्या. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना जमाव फासावर लटकावीत होते. ‘डिफेंडर’ ते ठळक मथळ्यांनिशी छापीत असे. साहजिकच तेथे हे पत्र विकणे धोक्याचे होते. तेव्हा पुलमन कंपनीच्या शयनयानांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांनी अंकांचे गठ्ठे गाडीतून गुपचूप दक्षिणेत पोहोचवले. एकेक प्रत केशकर्तनालयांत आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचली जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो माणसांनी दक्षिण सोडून उत्तरेची वाट धरली. त्यामागे कारखान्यांची मजुरांसाठीची मागणी होती, तशीच या पत्राची हाकही होती.

पुढे १९२५ साली याच सेवकांनी ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याच्या मार्गदर्शनाखाली युनियन स्थापन केली. तेव्हा ‘डिफेंडर’ने काय केले? चक्क विरोध केला! पुलमन ही कृष्णवर्णीयांना मोठ्या संख्येने नोकऱ्या देणारी कंपनी. कृष्णवर्णीय पत्रांना तिच्या जाहिरातीही मिळत. वर्णाच्या अन्यायावर तुटून पडणारी लेखणी वर्गाच्या प्रश्नाशी येताच अडखळली. रँडॉल्फ यांनी पत्रावर बहिष्काराची हाक दिली आणि १९२७ च्या अखेरीस ‘डिफेंडर’ने भूमिका बदलली. १९३७ साली कंपनीलाही युनियनशी करार करावा लागला.

यामुळे अ‍ॅबट यांचे कार्य उणे ठरत नाही. हे पत्र १९५६ मध्ये दैनिक झाले आणि त्याची छापील आवृत्ती २०१९ पर्यंत टिकली, हे त्या पायाभरणीचेच फळ होय. परंतु पत्राचे ध्येय संस्थापकाने एकदा जाहीर केले म्हणजे कायमचे सुरक्षित होत नाही. जाहिरातदार ते रोज आपल्याकडे ओढीत असतो. संघटित वाचकच त्याला मार्गावर आणू शकतो. अंकांचे गठ्ठे वाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वतःला केवळ हमाल समजू नये. त्या पत्राचा जाब विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.