बांधावरचे विश्वस्त

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या वाटेला लागले की बालाघाटाच्या पठारावर लिंबागणेश येते. भालचंद्र गणपतीचे हे स्थान. चतुर्थीला पंचक्रोशीतून भाविक येतात, दर्शन घेतात आणि परततात. देवळाबाहेर पडून सभोवारच्या माळावर नजर टाकणारे त्यांत थोडेच. ज्यांनी टाकली त्यांना बालाघाटाच्या बहुतेक गावांत दिसते तेच दिसेल: उतारावर उघडा पडलेला मुरूम, जुन्या समतल चरांच्या गाळाने भरत आलेल्या रेघा आणि खाली उरलेली हातभर काळी माती. याच डोंगररांगेत मांजरा उगम पावते. बिंदुसराही येथलीच, ती बीड शहरातून वाहत जाऊन सिंदफणेला मिळते. लिंबागणेशच्या माथ्यावर पडलेला थेंब कोणत्याही बाजूला वळला तरी शेवटी गोदावरीलाच जायचा. जाताना तो माती घेऊन जाणार की माती राखून जाणार, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न अलीकडे फार निष्ठुरपणे विचारला गेला. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्याने पिके तर नेलीच, पण अनेक ठिकाणी पिकाखालची जमीनही खरडून नेली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतची कामे शासनाने त्या वेळी जाहीर केली. मदत आवश्यकच होती. परंतु जी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात ती एका रात्रीत गेल्यावर तिची किंमत रुपयांत कशी करायची? दुष्काळाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडने 1989 चा बिंदुसरेचा महापूरही पाहिला आहे. पाण्याची टंचाई आणि पाण्याचा तडाखा ही दोन वेगळी संकटे नाहीत. माथ्यावर पाणी न अडवल्याची ती दोन फळे आहेत.

ते अडवण्याचे काम महाराष्ट्रात शासनाइतकेच, काही ठिकाणी शासनापेक्षा अधिक, स्वयंसेवी संस्थांनी केले. 1972 च्या दुष्काळाने एक पिढी घडवली. त्या पिढीने संस्था काढल्या, माळ हिंडले, गावे जागवली. ती पिढी आता थकली आहे. त्यातील अनेकजण आपल्यात नाहीत. त्यांच्या जागी विश्वस्त मंडळांवर नवी नावे येत आहेत. वृत्तपत्रांतून त्यांचे सत्काराचे फोटो छापून येतात. त्या हारतुऱ्यांत एक साधा प्रश्न हरवतो. या नव्या विश्वस्तांनी नेमके करायचे काय?

'विश्वस्त' हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून आपल्या ओठी बसला असला तरी त्यामागची कल्पना या भूमीला नवी नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी येथून फार दूर नाही; शेजारच्या जामखेड तालुक्यातच आहे. 2025 मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली. राज्य शंकराचे, आपण त्याची कारभारीण, या भावनेने त्यांनी कारभार केला आणि आज्ञापत्रांवर आपल्या नावाऐवजी 'श्रीशंकर' असे लिहिले. देशभर बारव, विहिरी, घाट उभे राहिले ते या वृत्तीतून. जे आपले नाही ते आपल्यापेक्षा जपून वापरणे, आणि हिशेब देताना धन्यापुढे उभे आहोत असे समजून देणे, एवढाच विश्वस्तपणाचा अर्थ. त्रिशताब्दीच्या मिरवणुका झाल्या. तो अर्थ किती संस्थांच्या बैठकांत पोहोचला, हे ज्याने त्याने आपापल्या मनाला विचारावे.

या कामाचा एक धडा पुरंदर तालुक्यातील नायगावने घालून दिला आहे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता आणि उद्योजक. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली आणि त्यांचे मन कारखान्यात रमेना. 1974 मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानाची 40 एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीने कसायला घेतली आणि तेथे बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर असा प्रयोग स्वतः उभा केला. ग्रामगौरव प्रतिष्ठान आणि पाणी पंचायत त्यातून जन्मली. पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून भूमिहीनालाही वाटा. आणि खर्चाचा काही भाग लाभार्थ्याने आधी स्वतः उचलायचा. हे नियम सभागृहात सुचलेले नाहीत, माळावर राहून सुचलेले आहेत. 2002 मध्ये विलासराव गेले. त्यानंतर कल्पनाताई साळुंखे यांनी काम पुढे चालवले. एका देवस्थानाची ओसाड जमीन आणि तेथे ठाण मांडणारा एक माणूस, भांडवल एवढेच होते. आपल्या देवळांच्या नावावरच्या किती जमिनी आज अशाच पडून आहेत!

आमच्या बीड जिल्ह्यालाही ही परंपरा परकी नाही. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैलाताईंनी 1982 मध्ये 'मानवलोक' उभी केली. विचाराने ते समाजवादी. आमचे त्यांचे अनेक बाबतींत जुळले नसते. पण पाणलोटाच्या कामात त्यांच्या कार्यकर्त्यांनी तुडवलेले माळ मोजताना विचारसरणी आड येऊ देणे हा कोतेपणा ठरेल. दीनदयाळ शोध संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्रही अंबाजोगाईलाच आहे. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांतही अंबाजोगाई होता. त्या उन्हाळ्यात पहाटे टिकाव-फावडे घेऊन निघालेली गावे महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिली. मात्र चर खोदणे हा पंचेचाळीस दिवसांचा उत्सव होऊ शकतो. चर राखणे हा पंधरा-वीस वर्षांचा संसार असतो. दरवर्षी गाळ काढावा लागतो, सांडव्याचे दगड पुन्हा बसवावे लागतात, चराईबंदी मोडणाऱ्याशी, म्हणजे बहुधा आपल्याच चुलतभावाशी, वाईटपणा घ्यावा लागतो. त्यासाठी कॅमेरा येत नाही. नव्या विश्वस्ताचे काम नेमके येथे सुरू होते.

आणि येथेच आपल्या संस्था चुकतात. मंडळात जागा रिकामी झाली की पहिला विचार 'वजनदार' नावाचा होतो. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर नफ्यातील दोन टक्क्यांचा सामाजिक निधी संस्थांकडे वळू लागला, तसा हा मोह वाढला. मग सनदी लेखापाल शहरातला, डॉक्टर शहरातला, उद्योजक शहरातला, आणि ज्यांच्या शेतात बांध घालायचा ते सारे 'लाभार्थी'. वर्षाला दोन बैठका, चहा, इतिवृत्तावर सह्या. राष्ट्रीय विचारांच्या संस्थांनीही हा आरोप दुसऱ्यांवर ढकलून मोकळे होऊ नये. आपल्याकडेही तीच दहा-बारा नावे शाळेच्या, पतपेढीच्या, रुग्णालयाच्या आणि पाणलोट समितीच्या कागदावर फिरताना दिसतात. माणसे निष्ठावान आहेत यात शंका नाही. परंतु चार ठिकाणी विश्वस्त असलेला माणूस बांधावर कधी जाणार?

मग नवे कोण हवेत? हिशेब जाणणारा एक हवा, हे मान्य. पण माथ्यावरचा कोरडवाहू शेतकरी हवा, कारण त्याच्या रानात चर पडतात आणि पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीला जाते. त्याच्या त्यागाचा मोबदला काय, हे विचारायला तोच बसला पाहिजे. मेंढपाळ हवा, गायरान बंद करण्याचा ठराव ज्याच्या पोटावर येतो त्याला न विचारता केलेली चराईबंदी पहिल्या उन्हाळ्यातच मोडते. घरची शेती प्रत्यक्ष ओढणारी बाई हवी, आणि तीही बैठकीत बोलणारी हवी. नवऱ्याने सही करून आणलेली नको.

यात बीड जिल्ह्याची एक खास अडचण आहे आणि ती संस्थांच्या घटनांत कोठेच दिसत नाही. मृद्संधारणाच्या कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. ऊसतोडीचा हंगामही दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे 'कोयते' पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, ते पाडवा ते अक्षय तृतीयेच्या सुमारास परततात. म्हणजे ज्यांच्या जमिनीला बांध हवा, ज्यांना गावात पाणी थांबले तर उचल घ्यावी लागणार नाही, तेच नेमके काम चालू असताना गावात नसतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर होतो तेव्हा अर्धे गाव फडात असते. ज्या संस्थेला ऊसतोड कामगार विश्वस्त मंडळावर खरोखर हवा आहे, तिने आपली वार्षिक सभा अक्षय तृतीयेनंतर घेतली पाहिजे. दिनदर्शिकेतील एवढा एक बदल दहा भाषणांपेक्षा अधिक माणसे आत आणील.

निवृत्त माणसांविषयीही बोलले पाहिजे, कारण स्वयंसेवी वृत्तीने वेळ देऊ शकणारे सर्वाधिक तेच आहेत. कडोळीच्या मातीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी 1977 मध्ये मंत्रिपद नाकारले आणि साठी ओलांडलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडून रचनात्मक कामात उतरावे, असे नुसते सांगितले नाही, स्वतः करून दाखवले. चित्रकूटच्या खेड्यांत त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' पाठवले ते पाच वर्षे तेथे राहण्यासाठी. गावात राहणे ही त्या योजनेची पहिली अट होती. आज राज्यशासनाचा कृषी संजीवनी प्रकल्प नानाजींच्या नावाने चालतो आणि बीडही त्यात आहे. सेवानिवृत्त शिक्षक, तलाठी, कृषी सहायक, बँकेतील कारकून यांनी मंडळावर येताना महिन्यातील किमान चार दिवस शिवारात घालवण्याचे लिहून द्यावे. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या मुलांनी निधी पाठवावा, नकाशे काढून द्यावेत, हिशेब संगणकावर चढवावेत. मत देण्याचा अधिकार मात्र गावात येऊन राहिल्यावर मागावा. हे थोडे कठोर वाटेल. पण दुरून दिलेला सल्ला बालाघाटाने पुष्कळ ऐकला आहे.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा, तरीही टाळता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कलम 22 प्रमाणे बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक मंडळांत मयत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे परिशिष्टावर तशीच राहतात, आणि वाद उभा राहिला की दोन्ही गट न्यायालयात जातात. बांध तसाच फुटत राहतो. देवस्थानांच्या जमिनींची गोष्ट याहून गंभीर. 1954 च्या कायद्याने हैदराबाद संस्थानातील इनामे संपवताना धार्मिक सेवेची इनामे वगळली, म्हणून मराठवाड्यातील देवळांच्या नावे जमिनी राहिल्या. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून त्या विकता येत नाहीत आणि दहा वर्षांहून अधिक मुदतीने कसायला देता येत नाहीत. तरतूद देवाच्या रक्षणासाठी आहे. तिचा आदर राखूनच नायगावचा मार्ग चोखाळता येईल: देवस्थानाचे विश्वस्त आणि पाणलोट संस्थेचे विश्वस्त एकत्र बसले, रीतसर परवानगी घेतली, तर देवाच्या रानात गावाची पहिली गवताची कुरणे आणि पहिले समतल चर उभे राहू शकतात. नव्या विश्वस्ताने पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यात सातबारा काढून संस्थेची, देवाची आणि गायरानाची जमीन प्रत्यक्ष पायी फिरून पाहावी. हद्दीच्या खुणा कोठे सरकल्या आहेत हे कागदापेक्षा पायांना लवकर कळते.

मृगाचा पहिला मोठा पाऊस बहुधा रात्री येतो. दुसऱ्या सकाळी माळावर गेले की कोणता बांध फुटला, कोणत्या चरात पाणी थांबले, कोणाच्या रानातून माती निघाली, हे सारे तासाभरात दिसते. दुपारी ऊन पडले की अर्धे पुसले जाते. त्या सकाळी तेथे कोण गेले होते, याची नोंद संस्थांच्या इतिवृत्तांत सहसा सापडत नाही. येत्या पावसाळ्यापासून नव्या विश्वस्तांनी तेवढी एक वही घालावी: तारीख, बांधाचा क्रमांक, किती हात फुटला, हजर कोण, आणि दुरुस्ती कोणत्या दिवशी झाली.