राखेतले पोकळ मणी: गाड्या हलक्या करणारं हे साहित्य आहे तरी काय?

लोणी काळभोरच्या तेल डेपोंमधून रोज टँकर बाहेर पडतात. टँकर जाताना भरलेला, येताना रिकामा. पण त्याचं स्वतःचं वजन दोन्ही वेळा ओढावं लागतं आणि त्याचं डिझेल जळतं. म्हणूनच यंत्र अभियांत्रिकीत 'ताकद तीच, वजन कमी' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचं एक उत्तर आपल्याच राज्यातल्या राखेत आहे.

नेमकं काय असतं?

काच किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म पोकळ गोळे इपॉक्सी, प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियममध्ये मिसळतात. याला 'सिंटॅक्टिक फोम' म्हणतात. प्रत्येक गोळ्यात वायू कोंडलेला, भोवती टणक कवच. त्यामुळे वजन घटतं, तरी दाब सोसण्याची ताकद टिकते. साध्या थर्माकोलचा खोल पाण्यात चुरा होतो, याचा होत नाही. जेम्स कॅमेरून २०१२ मध्ये ज्या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी गेला, तिचा बराचसा सांगाडा याच फोमचा होता.

महाराष्ट्राचा संबंध काय?

औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा जळताना त्यातली खनिजं वितळतात, आत वायू अडकतो आणि पोकळ मणी तयार होतात. त्यांना 'सेनोस्फिअर' म्हणतात. राखेत त्यांचं प्रमाण थोडंच, साधारण एक टक्क्याच्या आसपास. पण ते पाण्यापेक्षा हलके असल्याने राखेच्या तलावावर तरंगतात आणि वरच्यावर गोळा करता येतात. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथे राखेची कमतरता नाही.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण कारखान्यातली. मिसळताना गोळे फुटतात किंवा हलके असल्याने वर जमा होतात, त्यामुळे सुटा भाग सगळीकडे सारखा बनत नाही. हे साहित्य दाब चांगला सोसतं, ताण तेवढा नाही. त्यामुळे गाडीचा प्रत्येक भाग यातून बनवता येणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. हे मणी सहज मिळतात ते ओल्या राखेच्या तलावांतून, आणि हेच तलाव गावांच्या मुळावर येतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत शिरली. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने सगळी राख वापरात आणणं बंधनकारक केलं आहे. त्यासाठी कोरडी राख थेट सिमेंट आणि विटांकडे जाते, आणि मणीही तिच्यासोबत निघून जातात.

पुढे काय?

मण्यांसाठी तलाव ठेवणं हा उपाय नाही. कोरड्या राखेतून हवेच्या झोताने मणी वेगळे करता येतात, पण ते पाण्याइतकं सोपं नाही. चाकण-रांजणगावच्या वाहन उद्योगाने मागणी दाखवली, तर या खटाटोपाचा खर्च निघू शकतो. नाहीतर टँकर हलका करू शकणारा मणी विटेत जाऊन बसेल.