संशोधक आणि गांव यांचा करार

शेतांत प्रयोग कसा होतो हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. एका वाफ्यास नवें खत घालावयाचें, शेजारचा वाफा तसाच ठेवावयाचा आणि सुगीस दोहोंचें उत्पन्न तोलून पाहावयाचें. बिनखताच्या वाफ्यानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु रोग होण्यापूर्वींच तो टाळण्याचें शास्त्र हीच रीत गांवांस लावूं पाहतें, तेव्हां वाफ्याच्या जागीं माणसें येतात. त्यांचें म्हणणें संशोधनाच्या आरंभीं ऐकावयाचें कीं शेवटीं, हा आमच्या मतें खरा प्रश्न आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था काढली. दवाखाना कसा असावा हें त्यांनीं आदिवासींसच विचारलें. मोठ्या इमारतीस बुजणाऱ्या त्या लोकांसाठीं तो झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला व त्यास दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें. कोणी यास लोकानुनय म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या दारांत रोगी पाऊल टाकीत नाहीं, तेथील नोंदवहींत गांवाचा रोग उमटणार कसा?

पुढें त्यांनीं नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हातीं घेतला. ३९ गांवांतील थोड्या शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. बाळंतिणीच्या घरीं जाऊन बाळ तोलणें, त्यास ऊब देणें, श्वास अडल्यास तो चालू करणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखून प्रतिजैविकाची सुई देणें, हीं कामें त्या करूं लागल्या. सुई खेड्यांतील बाईच्या हातीं देणें हें धाडसच होतें. पण तान्हें मूल परक्याच्या हातीं कोणती आई देईल? हजार जन्मांमागें ६२ नवजात-मृत्यु होत, ते तीन वर्षांत सुमारें २५ वर आले. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला, आणि २०११ सालीं केंद्र सरकारनें घरोघरच्या नवजात-सेवेचें काम आशा कार्यकर्त्यांकडे सोंपविलें.

या यशांत आणखी ४७ गांवांचा वाटा आहे, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. तीं तुलनेचीं गांवें. तेथील जन्ममृत्यु मोजले नसते तर ३९ गांवांचा आंकडा सिद्धच झाला नसता.

आमच्या गांवीं मागें फवारणींतील विषबाधा टाळण्याच्या अभ्यासासाठीं कांहीं मंडळी आली होती. प्रश्न विचारले, रक्ताचे नमुने नेले. निष्कर्ष मात्र आजतागायत गांवांत परत आला नाहीं. कोणाचें नांव घेण्यांत हंशील नाहीं, कारण दोष आमचाही होता. बोली केल्यावांचून आम्ही बटाईनें जमीन देत नाहीं, मग अंगचें रक्त कसें दिलें? यापुढें प्रश्न ठरवितांनाच गांवास विचारलें जावें, नोंदीचें काम गांवच्याच माणसास शिकवून त्याचें वेतन द्यावें, निष्कर्ष मराठींत ग्रामसभेपुढें वाचावा, आणि तुलनेस ठेवलेल्या गांवास लाभ केव्हां मिळणार हें आधींच लिहून घ्यावें.

मात्र ग्रामसभेंत बोलतें कोण, याचाही विचार करावा लागेल. पाठीवर पंप घेणारा मजूर तेथें बहुधा नसतो. त्याच्या वतीनें आम्ही खातेदारच उत्तरें देतों. फवारल्यावर किती वेळां उलटी झाली, हातमोजे मिळाले कीं नाहीं, हें त्यासच विचारावें लागेल, आणि तेंही आम्ही समोर नसतांना.