सातबाऱ्यावर नावे वीस, पाळीवर माणूस कोण?

बहरीनमध्ये धरण नाही. वर्षाकाठी जेमतेम तीन इंच पाऊस पडणाऱ्या या बेटावर खजुराच्या बागा जगल्या त्या झऱ्यांवर आणि पाटांवर. मनामाजवळच्या अधारी झऱ्याविषयी इथे एक जुनी म्हण आहे, की अधारी दूरच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला कोरडे ठेवते. आपल्या माणसांना विसरणाऱ्याला हा टोला मारतात. आज तो आम्ही स्वतःलाच मारून घेत आहोत.

आपल्यापैकी कित्येकांची वाडवडिलार्जित जमीन गावाकडे एखाद्या जुन्या खाजगी तळ्याखाली किंवा बंधाऱ्याखाली आहे. सातबाऱ्यावर आपले नाव आहे, उत्पन्नातला वाटा आठवणीने विचारला जातो. पण पाळ शेवटची कोणी दुरुस्त केली, हे आपण कधी विचारले आहे काय?

पूर्व विदर्भाचे उदाहरण बोलके आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. पुढे त्यांची मालकी मालगुजारांकडे होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले; पण तिच्याबरोबर दरवर्षी पाळीवर माती टाकणारी, गाळ काढणारी व्यवस्थाही गेली. ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे हे माजी मालगुजारी तलाव पुढे गाळाने भरत गेले. मालक बदलला, राखणदार मात्र नेमलाच गेला नाही.

मातीचे धरण एका रात्रीत म्हातारे होत नाही. पाळीवर झाड वाढते, त्याची मुळे कुजली की पोकळी राहते. उंदीर-घुशी बिळे करतात. सांडव्यात झुडपे माजली की पुराचे पाणी पाळीवरून वाहू लागते, आणि मातीची पाळ ते फार वेळ सोसत नाही. पायथ्याशी थोडा स्वच्छ पाझर असणे नवे नाही. परंतु तो वाढू लागला किंवा गढूळ झाला, तर पाळीच्या पोटातली माती वाहून चालली आहे असे समजावे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली. ते धरण सरकारी होते आणि फारसे जुनेही नव्हते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला! सरकारी धरणाची ही कथा, तर ज्याला धड मालकच नाही त्याचे काय?

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी त्याने सक्तीची केली. पण तो मुख्यतः पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. दहा ते पंधरा मीटरची धरणे काही अटींवरच त्यात येतात. गावातली ठेंगणी पाळ त्याबाहेर राहते. तिच्याखालची घरे मात्र तशीच असतात, आणि त्यांत राहणाऱ्यांचे बहुधा सातबाऱ्यावर नावही नसते.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. उन्हाळी सुट्टीत आपण गावी जातो तो ऐन पावसाळा असतो. एक दिवस पाळीवर चालून या, सांडवा पाहा, पायथ्याचा पाझर पाहा. भाऊबंदांना एकत्र बसवून एकाला जबाबदार नेमा, ग्रामपंचायतीला त्याचे नाव लेखी कळवा. डागडुजीचा आपला वाटा होळीच्या आत पाठवा. जूनमध्ये पाठवलेला पैसा माती होऊन पाळीवर चढत नाही. काही बिघाड दिसला तर पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला दाखवा, आणि खालच्या वस्तीला आधी सांगा.

मालकी वाटून घेता येते. पाळ फुटली तर तिचे पाणी वाटे पाहून वाहत नाही.