पासवर्डच नव्हे, वाचनही जपा

‘लॉगिनचे पान सुरक्षित आहे. बाकीची पाने साधीच तर आहेत, ती एनक्रिप्ट करून काय मिळणार?’ ऑनलाइन जर्नल आणि ग्रंथालयसेवांच्या बाबतीत हा युक्तिवाद बरीच वर्षे चालला. पासवर्ड आणि पैसे जपले की झाले, असा त्यामागचा हिशेब. पण ग्रंथालयात वाचकाची सर्वांत खासगी गोष्ट पासवर्ड नसते. तो काय शोधतो, काय वाचतो, ही असते. आणि ती नेमकी या ‘साध्या’ पानांवरच असते.

एचटीटीपीवर पान उघडणे म्हणजे पोस्टकार्ड पाठवणे. होस्टेलचे वायफाय चालवणारा, कॉलेजचे नेटवर्क सांभाळणारा, इंटरनेट कंपनी, यांपैकी कोणीही तुमचा शोधशब्द वाचू शकतो, मजकूर बदलूही शकतो. एचटीटीपीएस म्हणजे बंद पाकीट. साइटचे नाव बाहेरून दिसते, आत कोणता लेख आहे ते दिसत नाही. शिवाय साध्या पानासोबत लॉगिनची कुकी उघडी गेली, तर ती उचलून दुसरा तुमच्या खात्यात शिरतो. खुल्या वायफायवर हे किती सोपे आहे, ते २०१० मध्ये फायरशीप या ब्राउझर एक्स्टेंशनने दाखवून दिले होते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झाले, की ‘अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स’ हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर वाचकाने कोणते पुस्तक, कोणती पाने वाचली ही माहिती एनक्रिप्शनशिवाय कंपनीकडे पाठवत होते. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने आवाज उठवला, तेव्हा कंपनीने सुधारणा केली.

‘मी काही चूक करत नाही, मग लपवू कशाला?’ असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. दोस्तांनो, प्रश्न चुकीचा नाही, संदर्भाचा आहे. यूएपीएवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, दंगलींच्या चौकशी अहवालांचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी यांच्या शोधशब्दांची नुसती यादी कोणाच्या हाती पडली, तर अभ्यासक आणि संशयित यांत फरक कसा करणार? भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये अटक झालेले व्हर्नन गोन्साल्विस यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केले, की केवळ साहित्य बाळगणे हा यूएपीएखाली दहशतवादाचा गुन्हा ठरत नाही. पण तोवर त्यांची जवळपास पाच वर्षे कोठडीत गेली होती. आणि कोण पाहत असेल या धास्तीने विषयच बदलणारा विद्यार्थी तर कोणत्याच नोंदीत येत नाही.

विरोधातला खर्चाचा मुद्दा आता उरलेला नाही. गुगलने २०१० मध्ये सगळे जीमेल एचटीटीपीएसवर नेले, तेव्हा सर्व्हरवरचा जादा भार एक टक्क्याहून कमी होता. ‘लेट्स एनक्रिप्ट’ २०१५ पासून प्रमाणपत्रे फुकट देते. कॅशिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. मंद इंटरनेटच्या कॉलेजात एकदा आलेले पान साठवून सगळ्यांना देता यायचे. एचटीटीपीएसमुळे ती सोय जाते. तरीही माझे मत स्पष्ट आहे: पान दोन सेकंद उशिरा उघडलेले चालेल, उघड्यावर आलेले चालणार नाही.

एचटीटीपीएसने सगळे साधते असेही नाही. सेवा पुरवणाऱ्याला तुमचे वाचन दिसतेच. पानावर जाहिरातींचे ट्रॅकर असतील तर त्यांनाही दिसते. म्हणून नोंदी किती दिवस ठेवता आणि कोणाला देता, हेही विचारायला हवे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांतल्या सुमारे १.८ कोटी विद्यार्थी-संशोधकांसाठी १३ हजार जर्नलांची दारे उघडली. त्यामुळे हा प्रश्न आता मूठभरांचा राहिलेला नाही.

आज एवढे करा. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा, काहीही शोधा आणि निकालाच्या पानावर पत्त्याची पट्टी पाहा. तिथे एचटीटीपीएस नसेल, तर ग्रंथपालांना लेखी विनंती करा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. तो ग्रंथालयाच्या दारात सोडून आत जावे लागू नये.