सिगारेट सुटली, झोप का उडाली?

रमजानचा चांद दिसला की पानटपरीवर शेवटची सिगारेट ओढून ‘आता बंद’ म्हणणारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. श्रावण पाळताना किंवा गळ्यात तुळशीची माळ घालताना व्यसन सोडणारे शेजारीही असतात. त्यांचे कौतुक होते आणि व्हायलाच हवे. पण पुढचे पंधरा-वीस दिवस त्या माणसाला कसे जातात, हे फारसे कोणी विचारत नाही.

तिसऱ्या-चौथ्या रोजाला तो मुलांवर खेकसतो. कामात लक्ष लागत नाही. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची लांब नमाज, पढून येतो, अंथरुणावर पडतो; पण डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर विचित्र स्वप्नांनी जाग येते, तोवर सहरीची वेळ होते. मन उदास राहते, उगाच रडू येते. अशात कोणीतरी टोमणा मारतो, ‘रोजा धरून एवढा राग? मग रोजा कशाला धरतोस?’ माणूस खचतो. आपले ईमानच कच्चे, असे त्याला वाटू लागते.

रोजा राग आवरायला शिकवतो, हे खरे. पण हा टोमणा चुकीचा आहे. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. वर्षानुवर्षे त्याची सवय झालेल्या मेंदूला ते मिळेनासे झाले की चिडचिड, उदासी, अस्वस्थता आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या आठवड्यात याचा जोर असतो. बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे शरीराचे दुखणे आहे, श्रद्धेची उणीव नव्हे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. सिगारेट सोडणाऱ्याने रोजे सोडावेत, असा याचा अर्थ नाही. पण शरीराचे दुखणे समजून घेणे धर्माला परके नाही, एवढे तरी त्यातून उमजावे.

खरी फसगत होते ती मगरिबच्या अजाननंतर. खजूर खाऊन, पाणी पिऊन काहीजण थेट टपरी गाठतात. पहिल्याच झुरक्याने बरे वाटते आणि ‘सिगारेटनेच मन शांत होते’ अशी खात्री पटते. वास्तविक सिगारेटनेच लावलेली तलफ तिने तेवढ्यापुरती भागवलेली असते. दिवसभर सोसलेला त्रास संध्याकाळी वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होतो. तीस दिवस असे काढण्यापेक्षा पूर्ण सोडणे सोपे. 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्यांची उदासी आणि चिंता पुढे, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झाल्याचे त्यात दिसले.

झोपेसाठी चहाकडेही पाहावे. सिगारेटच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतले कॅफिन लवकर निकालात काढते. सिगारेट थांबली की तेच कॅफिन जास्त वेळ रक्तात राहते. म्हणजे पूर्वीइतकाच चहा आता जास्त झोप उडवतो. इफ्तारनंतर चहाच्या फेऱ्या चालतात, त्या एका कपावर आणाव्यात. दुपारच्या छोट्या झोपेची, कैलुल्याची, परंपरा आहेच. अर्धा तास पुरे. तरावीहनंतर कट्ट्यावर न रेंगाळता, मोबाइल बाजूला ठेवून झोपावे.

तलफ आवरेना तर निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी यांचा उपयोग होतो. रोजात काय चालेल, हे मौलाना आणि डॉक्टर दोघांनाही विचारावे. मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे. काही औषधांची मात्रा बदलावी लागते. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. उदासी महिन्यानंतरही हटली नाही तर डॉक्टर गाठावा. जगणेच नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

बाकीचे काम घरच्यांचे आणि मित्रांचे आहे. त्याच्यासमोर सिगारेट पेटवू नये, ‘एकाने काय होते’ म्हणू नये, चिडला तर शब्दाला शब्द वाढवू नये. रमजानला सब्रचा महिना म्हणतात. तो सब्र फक्त सिगारेट सोडणाऱ्याकडून मागणे बरोबर नाही. पहिले तीन-चार आठवडे त्याच्या भोवतालच्यांनीही तो करावा. ईदच्या नमाजनंतर मित्र टपरीकडे वळतील तेव्हा त्याला सरळ घरी येता आले, तर त्यात घरच्यांचाही वाटा असेल.