फ्लामेंकोचे कडवे आणि नर्तकीचे पाऊल

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात कथक व फ्लामेंको ह्यांची जुगलबंदी झाली. दोन्ही नर्तकी आपापल्या कलेत चांगल्या तयार होत्या. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या योजकांविषयी, आणि त्याहूनही अधिक, मागाहून आलेल्या परीक्षणांविषयी. रंगमंचावर गाणारा कोणी नव्हताच. ध्वनिमुद्रित गाण्याचे एकदोन तुकडे आरंभी वाजले आणि थांबले. पुढे तासभर तबला, गिटार व चार पावले ह्यांची चढाओढ चालली. परीक्षणकारांनी पायांच्या वेगाचे तोंड भरून वर्णन केले. पण गाणे कोठे गेले, हा प्रश्न एकासही सुचला नाही. आमचे म्हणणे असे की, गाणे वगळून जे उरले त्यास पदन्यासाची कसरत म्हणावे, हवे तर उत्कृष्ट कसरत म्हणावे. फ्लामेंको म्हणू नये.

फ्लामेंको ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांताची कला. गायन, नर्तन व गिटारवादन ही तिची तीन अंगे आपल्याकडे सांगितली जातात, पण जणू तिन्ही सारख्याच तोलाची आहेत अशा रीतीने. वस्तुतः गायन हे मूळ आहे. लोहाराच्या भट्टीशी ज्याचे नाते सांगतात तो ‘मार्तिनेते’ हा प्रकार तर गिटारीवाचूनच गातात. ह्या गाण्यांची कडवी फार लहान असतात. ‘सोलेआ’चे कडवे तीन किंवा चार ओळींचे, दर ओळीत आठ अक्षरे, ‘सिगिरिया’ ह्या अधिक गंभीर प्रकारात चार ओळी, त्यांपैकी तिसरी लांब. तेवढ्यात आईचे मरण, तुरुंगातली रात्र, खाणीतला अंधार, प्रियकराचा विश्वासघात असे काहीतरी सांगून गाणारा मोकळा होतो. ही कडवी रचणारे बहुतेक निरक्षर होते. 1749 साली स्पेनच्या सरकारने देशातील जिप्सींची सरसकट धरपकड केली. ज्या समाजाच्या वाट्यास असे दिवस आले, त्याच्या गाण्यात तुरुंग वारंवार यावा ह्यात नवल नाही. कवी आंतोनियो माचादो ह्यांचे वडील आंतोनियो माचादो इ आल्वारेस ह्यांनी 1881 मध्ये अशा कडव्यांचा संग्रह छापला, तेव्हा कोठे सुशिक्षित स्पॅनिश वाचकांचे तिकडे नीट लक्ष गेले. म्हणजे सुशिक्षितांचे दुर्लक्ष हा काही केवळ आपलाच दोष नव्हे.

आता नर्तकी ह्या कडव्याशी काय करते ते पाहू; कारण वादाचे मर्म येथे आहे. सोलेआच्या आवर्तनात बारा मात्रा असतात. आपल्या एकतालातही बाराच. पण येथे जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर. एवढे ठरलेले. मात्र गाणारा कोणते कडवे घेईल, एखादी ओळ दोनदा म्हणेल की नाही, एखाद्या स्वरावर किती वेळ रेंगाळेल, हे ठरलेले नसते. एका कडव्याचा दुसऱ्याशी कथासंबंध नसल्यामुळे तो आपल्या साठ्यातून त्या क्षणी मनास येईल ते काढतो. म्हणून नर्तकीस ऐकावेच लागते. तिला कडवे हवे असले म्हणजे ती पायांनी एक ठरावीक हाक देते; तिला ‘यामादा’ म्हणतात. गाणारा त्या हाकेस ओ देतो, आणि तेथून सूत्रे त्याच्या हाती जातात. तो ओळ म्हणत असता नर्तकीचे पाय हलके पडतात. बाहू, पाठ, मान ह्यांनीच ती लय राखते. ओळ संपून तो श्वास घेतो त्या फटीत तिच्या पावलांचे छोटेसे उत्तर येते, आणि कडव्याच्या अखेरीस ती त्याच्याबरोबर येऊन थांबते. ओळ चालू असता पाय आपटणे हा तिकडे असंस्कृतपणा समजतात. ‘गाणे तुडविले’ असा त्यासाठी त्यांचा शब्दच आहे. गाणारा गप्प बसतो तेव्हा मात्र ‘एस्कोबिया’ नावाचा पदन्यासाचा भाग येतो व पायांस मोकळीक मिळते. आमच्या जुगलबंद्यांत उचलला जातो तो नेमका हाच भाग! संभाषणातला एक बोलणारा काढून टाकायचा आणि दुसऱ्याच्या वक्तृत्वावर टाळ्या पिटायच्या, असा हा प्रकार आहे. ध्वनिमुद्रित गाणे लावल्याने तो दोष जात नाही. शिकताना ध्वनिमुद्रणाचा आधार घ्यावा लागतो हे आम्हांस मान्य आहे. पण ध्वनिमुद्रण यामादेला ओ देत नाही. गाणारा कोठे श्वास घेणार हे नर्तकीस पाठ असते. मग ती ऐकणार काय?

ह्यावर एक आक्षेप येतो तो असा: शब्द आम्हांस कळत नाहीत, आणि नर्तकी ते अभिनयाने दाखवीतही नाही; मग त्यांचा उपयोग काय? हा आक्षेप बैठकीच्या लावणीवर व ठुमरीवर वाढलेल्या रसिकांस साहजिक आहे. तेथे एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन दर वेळी निराळी अदा करतात. फ्लामेंकोची नर्तकी ‘आई’ ह्या शब्दाला आई दाखवीत नाही, तुरुंगाला गजही दाखवीत नाही. ती त्या शब्दाचे वजन अंगावर घेते: कधी पाठ फिरविते, कधी पाऊल उचलायचे तेथे उचलीतच नाही. ते न उचललेले पाऊल शब्दाचा अर्थ ठाऊक असल्याखेरीज प्रेक्षकास दिसत नाही.

दुसरे एक मत तर प्रत्येक निवेदकाच्या तोंडी असते: फ्लामेंको हे कथकाचेच अपत्य! जिप्सींची भाषा मूळची भारतीय, हे भाषाशास्त्राने सिद्ध आहे. स्पेनमध्ये त्यांची नोंद 1425 पासून सापडते. तथापि आज आपण ज्यास फ्लामेंको म्हणतो ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आंदालुसियाच्या मातीत घडले, आणि त्यात जिप्सींखेरीज इतरांचाही वाटा आहे. पायांच्या आवाजावरून वंशावळ काढणे सोपे असते. त्यात आपला अभिमान सुखावतो आणि त्यांची कडवी ऐकण्याचे कष्ट वाचतात.

आम्हांस सोवळेपणाचा पक्ष घ्यावयाचा नाही. 1922 साली ग्रानादा येथे संगीतकार मानुएल दे फाया व कवी लोर्का ह्यांनी ह्या गाण्याची स्पर्धा भरविली, तेव्हा धंदेवाईक गायकांनी कला बाटविली अशा समजुतीने त्यांस मज्जाव केला होता. तेथे बक्षीस मिळविणाऱ्यांत मानोलो काराकोल हा अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे नामांकित धंदेवाईक गायकच झाला. सबब, जुगलबंदी करूच नये असे आम्ही म्हणत नाही. फक्त एक गाणारा आणावा, आणि तो सहसा कोणती कडवी म्हणतो ती मराठी अर्थासह कार्यक्रमपत्रिकेत छापावी. एवढा खर्च झेपत नाही, असे योजक म्हणतील. त्या रात्री आमच्या हाती दिलेल्या पत्रिकेत बारा पाने होती, आणि त्यांपैकी नऊ जाहिरातींची.